बांगडी वाढली

संस्कृतात ‘मान’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या धातूंच्या पोटी जन्मला आहे. ‘मा’ म्हणजे मोजणे. त्यापासून आलेला मान म्हणजे माप. ‘मन्’ म्हणजे मानणे. त्यापासून आलेला मान म्हणजे आदर. कानाला दोहोंत तिळमात्र भेद जाणवत नाही. व्यवहारात मात्र ही दोन सारख्या नावाची भावंडे एका छपराखाली क्वचितच नांदतात. ज्याचे माप घेतले जाते त्याचा मान बहुधा उणावतो. दाखवण्याच्या कार्यक्रमात पाटावर बसलेली मुलगी हे जाणते, आणि गणवेशाच्या दुकानात ‘हिच्यासाठी मोठ्यांतला काढा’ हे शब्द ज्या मुलीच्या डोक्यावरून चारचौघांत जातात, तीही जाणते. माप तर घ्यायचे, पण ज्याचे घेतले त्याचा मान यत्किंचितही ढळू द्यायचा नाही, ही विद्या दुर्मीळ आहे. खामगावच्या सायराबींच्या ठायी ती होती. ती त्यांना जन्मतः लाभली नव्हती. केस पांढरे झाल्यावर, स्वतःच्याच एका शब्दाची ठेच लागून, ती त्यांनी मिळवली होती.

सायराबी मणियारांच्या घरात नांदत होत्या. काचेच्या बांगड्या विकणे आणि भरणे हा त्या घराचा पिढीजात व्यवसाय. बाजारामागच्या अरुंद गल्लीत त्यांचे दुकान होते. कापसाच्या हंगामात जिनिंग कारखान्याकडून उडालेली तूस, म्हणजे सरकीवरचे बारीक तंतू, त्या गल्लीपर्यंत येई आणि तांबड्या-हिरव्या काचेवर हलकेच बसे. सकाळी फळ्या उघडल्यावर पहिले काम ती पुसण्याचे. पती मेहबूबभाई मोटरसायकलला पेट्या बांधून मोताळ्याचा आणि आसपासचा आठवडी बाजार करीत. दुकान आणि लग्नघरे सायराबींकडे असत.

बांगडी भरणे हे वरवर दिसते तितके सोपे काम नव्हे. समोरचीचा हात आपल्या मांडीवर घ्यावा, अंगठा तळव्यात दुमडावा, बोटांच्या मुळाशी असलेली हाडे एकमेकींजवळ आणावीत आणि त्या क्षणभराच्या फटीतून काच पुढे सरकवावी. हात आखडला की काच तडकते. म्हणून सायराबींच्या सासूने त्यांना एकच मंत्र दिला होता: “हात धरला का तोंड चालू ठेवावं. बाई बोलण्यात गुंगली का हात आपसूक ढिला सुटते.” आणि बोलायचे तरी काय? समोर हातच आहे, तर हाताविषयीच बोलावे. नाजूक हात आला तर “मोगऱ्याची कळी हाय”, भरलेला आला तर “घरात दूधदुभतं दिसते बाई”. सासू बोलली, तिची सासूही बोलली असेल. त्या बोलण्यात द्वेष नव्हता. जिभेला लागलेले ते वळण होते. आणि वळण लागलेली जीभ विचार करीत नाही, हाच तिचा दोष.

दुसरे एक वळण मात्र साऱ्या मराठी मुलखाचे. आपल्याकडे काही क्रियापदे अमंगळाच्या वाटेवर आडवी उभी केलेली असतात. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. सायंकाळी दुकान बंद करायचे नाही, वाढवायचे. तशीच बांगडी कधी फुटत नाही, ती वाढते. मनगटावर काच तडकली की मणियारीण आणि गिऱ्हाईक दोघी एकदमच म्हणतात, “वाढली.” सौभाग्याचे लेणे आहे, त्याला फुटण्याचे क्रियापद लागू नये, अशी त्यामागची कोमल शंका. सायराबींनी हा शब्द आयुष्यात किती वेळा उच्चारला असेल याची गणती नाही. एकदा मात्र तो ज्या ठिकाणी पडायचा तिथे पडला नाही.

चारुलताबाई शाळेत मराठी शिकवीत. त्यांचे यजमान सुधाकरराव सरकारी कचेरीत कारकून. त्या घराची गिऱ्हाइकी सायराबींच्या सासूच्या काळापासूनची. थोरली मुलगी आरोही हिचे लग्न निघाले तेव्हा चुडा भरायला सायराबीच गेल्या. वैशाखाचे दिवस होते. बायका माजघरात दाटीने बसल्या होत्या, पंखा गरम वारा खाली ढकलीत होता. बांगड्यांचे माप इंचांत चालते: सव्वादोन, अडीच, पावणेतीन. नवरीचा हात धरताच सायराबींची जीभ सुरू झाली.

“पाहा व बायांहो, हा हात नाही, केयीचा कोंब हाय. सव्वादोनची बांगडी आपल्या पायानं चालत गेली.”

केळीच्या कोंबाची उपमा ऐकून बायका कौतुकाने पुढे वाकल्या. मग धाकटीची पाळी आली. स्वरदा नववी ओलांडून दहावीत जाणारी. उंच, रुंद खांद्यांची, शाळेच्या खो-खोच्या संघात धावणारी. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, “चाची, मलेबी ताईसारखीच भरा.”

सव्वादोन अंगठ्याच्या हाडापाशीच अडली. सायराबी हसल्या. “ही तं पैलवानीण निघाली माय. पावणेतीनचा डबा काढा लागन.”

“नाही चाची, निदान अडीच तरी. जाईन ती.”

अडीचची गेली असती, कदाचित. पण मुलीने हात आखडला आणि काच तडकली. मनगटाखाली रक्ताची बारीक रेघ उमटली. सायराबींच्या तोंडून सवयीने निघाले, “वाढली व माय, वाढली.”

सुधाकररावांची आत्या मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिची जीभ साऱ्या गोतात प्रसिद्ध. ती म्हणाली, “बांगडी वाढली का पोरगी वाढली, ते तं सांग सायरा.”

माजघर हसले. आणि सायराबींनीही हसून उत्तर दिले, “दोघीबी वाढल्या, आत्याबाई.”

हसू पुन्हा उसळले. चारुलताबाई हसल्या, नवरी हसली. स्वरदाही हसली आणि ओढणीच्या टोकाने मनगट पुसून तिने पावणेतीनच्या बांगड्या भरून घेतल्या. चारचौघांच्या हसण्यात जिच्यावर हसतात तीही सामील झाली की सर्वांना वाटते, काही घडलेच नाही. सायराबींनाही तसेच वाटले. पेट्या आवरून, नारळ आणि खण घेऊन त्या घरी गेल्या आणि तो दिवस इतर लग्नांच्या दिवसांत मिसळून गेला.

दिवाळी सरली. गल्लीत पुन्हा तूस उडू लागली. एका दुपारी शाळा सुटल्यावर स्वरदा एकटीच दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. पाठ उन्हाकडे होती म्हणून सायराबींनी प्रथम ओळखलेच नाही.

“चाची, हिरव्या द्या. सव्वादोन.”

सायराबींनी तिचा हात मांडीवर घेतला आणि त्यांच्या बोटांना काहीतरी कळले. डोळ्यांना कळायच्या आत कळले, कारण आयुष्यभर त्यांनी हातच वाचले होते. हात थंडगार होता, भर दुपारी. कातडी कोरडी, नखे निळसर. वैशाखात त्या तळव्यावर करंगळीच्या मुळाशी एक घट्टा होता, खो-खोचा खांब धरून वळण घेणाऱ्या मुलींना पडतो तसा. तो आता विरघळून गेला होता. बांगडी विनासायास मनगटावर गेली आणि तिथे न थांबता थेट कोपराकडे घसरली. दुसरी गेली, तिसरी गेली.

“काय हात हाय...” असे सायराबींच्या जिभेने आरंभिले, आणि त्याच क्षणी त्यांनी मुलीच्या तोंडाकडे पाहिले. ते तोंड वाट पाहत होते. देवळात तीर्थासाठी हात पुढे करून उभे राहावे तसे, त्या वाक्याच्या उरलेल्या अर्ध्यासाठी ते थांबले होते. सायराबींची जीभ तिथेच थिजली.

“बोलल्या नाही तुम्ही काही,” स्वरदा म्हणाली.

“काय बोलू बेटा?”

“ताईले बोलल्या होत्या ते.”

सायराबींनी बांगड्यांवरची तूस पुसल्यासारखे केले. “खेयाचं कसं हाय तुह्यं? पळतेस ना?”

“सोडलं. मैदानावर चक्कर येते.” मग मनगट हलवून, काचेचा नाद ऐकून, ती हळूच म्हणाली, “पर आता एकबी वाढली नाही ना, चाची?”

तेव्हा सायराबींना ते माजघर आठवले. पंखा आठवला, भिंतीला टेकलेली मनकर्णाबाई आठवली, आणि स्वतःचे उत्तर आठवले. जो शब्द काचेचे अमंगळ झाकायला पूर्वजांनी घडवला, तो या मुलीने स्वतःच्या देहावर घेतला होता. आणि वाढणे हाच अपराध समजून ती इतके महिने त्याची शिक्षा भोगत होती.

त्यांनी बांगड्या एकेक करून उतरवल्या.

“काऊन काढता?”

“हात थंडे हायत बेटा. थंड्या हातावर काच चटकते. मी घरी येऊन भरीन.”

मुलगी रुसून गेली. तिची पाठ गल्लीच्या टोकाशी दिसेनाशी होईपर्यंत सायराबी पाहत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी दुकान वेळेआधीच वाढवले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी मेहबूबभाईंना सर्व सांगितले. ते भिडस्त आणि व्यवहारी गृहस्थ; भाकरीचा घास हातातच राहिला.

“अपना काम चूडी भरने का है, सायरा. किसी की थाली में झाँकने का नहीं.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “दोन पिढ्यांचं गिऱ्हाईक हाय. लोकायच्या वयात आलेल्या पोरीच्या अंगाबद्दल तू माय-बापाजवळ बोलशील, तं पुन्हा दारात उभं करतीन का?”

“पयले मीच बोलली ना तिच्या अंगाबद्दल,” सायराबी म्हणाल्या. “पंधरा बायांत बोलली. तवा तं कोणी अडवलं नाही मले.”

मेहबूबभाईंनी घास खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायराबी पेटीवाचून चारुलताबाईंच्या दारी गेल्या. स्वरदा शिकवणीला गेली होती. मणियारीण पेटी न घेता आली म्हणजे काय, हे चारुलताबाईंना उमगले नसावे. त्यांनी चहाचे आधण ठेवले. सायराबी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या. आधी चारुलताबाईच बोलल्या. त्यांनाही कोणाजवळ तरी बोलायचे होते.

“आरोही गेल्यापासून घर सुनं झालं, भाभी. आणि ही जेवत नाही. शाळेत खाल्लं म्हणते, शिकवणीत खाल्लं म्हणते. मी पोळी घेऊन उभी राहते आणि ती ताटावर हात आडवा धरते. रोज एकच वाक्य. वाढू नको.”

सायराबींनी मान वर केली.

“काय म्हणते?”

“वाढू नको.”

चहा उतू गेला. चारुलताबाईंनी शेगडी बंद केली, पण पुसायला फडके घेतले नाही. सायराबींनी मग लग्नाच्या दिवसाची गोष्ट सांगितली: बांगडीची, मनकर्णाबाईच्या प्रश्नाची, आपल्या उत्तराची, आणि काल दुकानात मुलीने विचारलेल्या प्रश्नाची. सांगताना त्यांनी मनकर्णाबाईला दोष दिला नाही. “आत्याबाईनं इचारलं, मॅडम. जवाब मी देल्ला.”

चारुलताबाईंनी आता फडके घेऊन सांडलेला चहा पुसला. मग म्हणाल्या, “मी मराठी शिकवते, भाभी. वाढणे, म्हणजे मोठे होणे. वाढणे, म्हणजे ताटात पदार्थ घालणे. बांगडी वाढणे. एका शब्दाचे तीन अर्थ मी फळ्यावर लिहून देते, मुली वहीत उतरवून घेतात. आणि त्या दिवशी मी पण हसले.”

“तुम्ही माय हाय. तुम्हाले कायचा दोष?”

“दोष वाटायला बसलो तर कोणी उरणार नाही. भाद्रपदात ती थोडी उतरली, तर हे म्हणाले, आता दिसतेस आरोहीची बहीण. किती आनंदली होती. मीही म्हटलं, बरंच झालं.” त्यांनी फडके पिळून ठेवले. “आम्ही तिला आजारी पडताना पाहिलं आणि शाबासकी दिली.”

“हात नाजूक नाही तो, मॅडम,” सायराबी म्हणाल्या. “आजारी हाय. माहा हात तिच्या हाताले लागला तवा मले भेव वाटलं. कोणाले तरी दाखवा.”

चारुलताबाईंनी दाखवले. अकोल्याला एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासण्या केल्या, एका समुपदेशिकेकडेही पाठवले, आणि घरातल्या सर्वांना समोर बसवून काही गोष्टी सांगितल्या. औषधापेक्षा त्या गोष्टीच पाळायला अवघड होत्या. घरात सर्वांनी वेळेवर, एकत्र बसून जेवायचे. ताटावर भांडण करायचे नाही. आणि देहाविषयी, तिच्या किंवा इतर कोणाच्याही, एक शब्द बोलायचा नाही. निंदेचा नाही आणि कौतुकाचाही नाही. सुधाकररावांनी विचारले, “कौतुकाचाही?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कौतुकाचा आधी.”

हा निरोप चारुलताबाईंनी सायराबींनाही दिला. “तुम्ही घरी येत राहा. पण हाताविषयी काही बोलू नका.”

आणि इथून सायराबींची खरी अडचण सुरू झाली. त्या एका घरापुरते मौन त्यांना पाळता आले असते. पण एकदा कान जागे झाल्यावर त्यांना स्वतःचेच बोलणे दुकानात दिवसभर ऐकू येऊ लागले. सातवी-आठवीची पोर पायरीवर बसली आणि तोंडून ‘दूधदुभतं’ निघाले, की पोरीचे खांदे किंचित आत ओढले जात. ते खांदे पूर्वीही ओढले जातच असतील. सायराबींनी हात पाहिले होते, खांदे पाहिले नव्हते. म्हणून त्या गप्प राहू लागल्या. गप्प राहिल्यावर हात आखडू लागले आणि काच अधिक तडकू लागली. ओळखीच्या बायका विचारीत, “काय झालं व सायरा, दाढ दुखते काय?” मेहबूबभाई संध्याकाळी तुकड्यांचा ढीग पाहून निःश्वास टाकीत.

उपाय एका दुपारी योगायोगाने हाती आला. मसाल्याच्या गिरणीवाल्यांची मुलगी बांगड्या भरायला आली होती. तिची नखे हळदीने पिवळी झाली होती. सायराबींनी सहज विचारले, “हे काय लागलं?” मुलगी सांगू लागली: बाबा आजारी आहेत, शाळेतून आल्यावर गिरणी मीच चालवते, पट्टा निसटला तर तो कसा चढवायचा तेही मला येते. सांगता सांगता तिचा हात मांडीवर असा सैल पडला की बारा बांगड्या गेल्या ते तिला कळलेच नाही. सासूचा मंत्र खोटा नव्हता. बोलावे, हे खरेच होते. फक्त हात कसा दिसतो हे बोलायची गरज नव्हती. हाताने काय केले, हे विचारले तरी पुरत होते.

तेव्हापासून सायराबी विचारू लागल्या. शाईचा डाग, विळ्याचा व्रण, सुईची टोचण, सायकलच्या साखळीचे वंगण, उतरत आलेली मेंदी. प्रत्येक हाताला काहीतरी वृत्तांत असतो. आणि बांगडी अडली की त्या एकच वाक्य म्हणत: “ही बांगडी लहान हाय. दुसरी काढते.” हात मोठा आहे, असे त्यांच्या दुकानात पुन्हा कधी म्हटले गेले नाही. कारखान्यात साच्यातून निघालेल्या निर्जीव काचेने सजीव हाताच्या मापाचे असावे. हाताने काचेच्या मापाचे का असावे? हा विचार त्यांनी अशा शब्दांत कधी मांडला नसेल, पण त्यांनी डब्यांवरचे आकडे भिंतीकडे फिरवले आणि बांगड्या मापाऐवजी रंगाने लावल्या. मेहबूबभाईंची फार पंचाईत झाली.

“अडीचचा डबा कुठी हाय?”

“हिरव्याच्या मागं.”

“हिरव्याच्या मागं तं पावणेतीन हाय.”

“मंग जांभयाच्या मागं पाहा. डोये हायत ना तुम्हाले?”

स्वरदाचे बरे होणे मात्र इतके सरळ नव्हते. संक्रांतीला सायराबी गेल्या तेव्हा ती खोलीबाहेर आली नाही. पुढच्या वेळी आली, पण दाराशीच उभी राहिली. एकदा तिने ताट भिंतीवर भिरकावले होते. भिंतीवरचा वरणाचा डाग चारुलताबाईंनी मुद्दाम रंगवून घेतला नाही की विसरल्या, कोण जाणे. काही दिवस ती नीट जेवे. मग मैत्रिणीच्या मोबाईलमध्ये कुठली तरी चित्रफीत पाही आणि पुन्हा हात ताटावर आडवा येई. दहावीची परीक्षा तिने दिली. सायराबी येत राहिल्या. कधी बांगडी भरायची नसली तरी तिचा हात घेऊन थोडे तेल चोळीत आणि खामगावच्या बाजारातल्या गप्पा सांगत. तिने हाताविषयी विचारले तर म्हणत, “मले दिसत नाही बेटा आता. चष्मा बदलाचा हाय.” चष्मा अगदी ठीक होता, हे स्वरदालाही ठाऊक होते. एकदा ती हसली.

आरोहीला दिवस गेले. सातव्या महिन्यात माहेरी डोहाळजेवण ठरले. तेच माजघर, त्याच बायका, भिंतीला टेकलेली मनकर्णाबाई. हिरव्या बांगड्यांच्या पेट्या उघडून सायराबी मध्यभागी बसल्या. आरोहीला चुडा भरून झाला, तोंडाने केवळ आशीर्वाद. मग स्वरदा आपण होऊन पुढे आली आणि तिने हात पुढे केला.

माप विचारायचे नव्हतेच. बोटांनी जे सांगितले त्याप्रमाणे सायराबींनी बांगड्या काढल्या. पहिली गेली, दुसरी गेली. तिसऱ्या बांगडीत कुठे तरी बारीक चीर असावी. हाडावरून पुढे सरकताना ती कडकन तडकली.

चारुलताबाईंच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. सायराबींच्या मांडीवर मुलीचा हात होता, सतरंजीवर हिरवे तुकडे होते आणि तोंडात एकही शब्द नव्हता. समोर सात महिन्यांची गर्भार मुलगी. तिच्यादेखत ‘फुटली’ कसे म्हणावे? आणि ज्या शब्दाने एवढे केले तो ‘वाढली’ पुन्हा कोणत्या तोंडाने उच्चारावा? साऱ्या हयातीत पहिल्यांदा सायराबींना एका तुटलेल्या बांगडीसाठी क्रियापद सापडेना. भिंतीपाशी मनकर्णाबाईचे ओठ विलग झाले. मग तिने पदराचे टोक तोंडाशी धरले.

स्वरदा त्या तुकड्यांकडे पाहत होती. तिने एक तुकडा उचलून ताम्हनात टाकला.

“वाढली, चाची,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “बांगडी लहान होती. दुसरी काढा.”

सायराबींनी तिचा हात पुन्हा घेतला, पण डोळ्यांपुढे पाणी आल्यामुळे त्यांना खरोखरच काही दिसेना. बोटांनीच त्यांनी तळवा चाचपला. करंगळीच्या मुळाशी कातडी खरखरीत लागली. नवा, अर्धाकच्चा घट्टा.

“खांब धरला काय बेटा?”

“हाव. पळणं नाही जमत अजून. वळण घेते नुसतं.”

“घे. वळणच कठीण असते,” सायराबी म्हणाल्या, आणि हिरव्या डब्यात हात घालून त्यांनी थोडी रुंद बांगडी काढली.

मनकर्णाबाईला तोवर शब्द सापडले होते. “चारुलता, आता पानं वाढ व माय. पोरी केव्हाच्या बसल्या हायत.” बोलून झाल्यावर तिने स्वतःच चोरट्या नजरेने स्वरदाकडे पाहिले. स्वरदा पाहतच होती. मनकर्णाबाईने आपल्या पानाशेजारचा पाट तिच्यासाठी ओढून घेतला.

पंगत बसली. चारुलताबाई पुरणपोळी घेऊन स्वरदाच्या पानापुढे वाकल्या आणि दीड वर्ष जो प्रश्न विचारताना त्यांचा जीव टांगला जाई, तोच विचारला.

“वाढू?”

स्वरदाचा हात उठला. हिरव्या बांगड्या वाजल्या. हात पानावर अर्धा आडवा गेला आणि थांबला. सुधाकरराव पाण्याचा तांब्या धरून दाराशी उभे होते, तेही थांबले. मग तो हात मागे आला.

“अर्धी वाढ,” ती म्हणाली.

चारुलताबाईंनी अर्धी वाढली. तूप पुढे गेले, भाताची मूद आली, आणि पंगत इतर पंगतींसारखी चालू राहिली.

यानंतर सर्व निवळले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. स्वरदाचे अवघड दिवस पुढेही आले, येतात. पण ती ते ओळखू लागली आणि आल्यावर आईला सांगू लागली. आता ती अमरावतीला शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करते. चारुलताबाईंनी शाळेत मुलींसाठी, देहावरून होणाऱ्या बोलण्याविषयी, एक तास ठेवला. त्या तासाला सायराबींनी येऊन बोलावे, अशी त्यांची फार इच्छा होती. सायराबींनी ते साफ नाकारले. “बोलूनच तं बिघडवलं होतं मॅडम,” असे म्हणून त्या हसल्या. संक्रांतीच्या आधी मात्र त्या पेट्या घेऊन शाळेत जात, व्हरांड्यात बसत, आणि एकेकीला हाताची हकीकत विचारीत बांगड्या भरीत. तेवढे चालले.

गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने सायराबी गेल्या. स्वरदा अमरावतीहून आली. मातीसाठी पुरुष गेल्यावर ती अलीजापाशी, म्हणजे सायराबींच्या सुनेपाशी, घरात बसून राहिली.

दुकान आता अलीजा चालवते. डबे रंगानेच लावलेले आहेत, आकडे भिंतीकडे आहेत. बांगडी हातात गेली नाही, तर ती म्हणते, “ही लहान हाय, दुसरी काढते,” आणि दुसरी काढते.